मे महिन्यातलं रक्त

सीबीसी या रक्ततपासणीच्या कागदावर हिमोग्लोबिनच्या खाली दोन-तीन ओळी सोडून ‘पीसीव्ही’ नावाचा एक आकडा असतो. काही लॅबवाले तिथे ‘हिमॅटोक्रिट’ छापतात. नातेवाईक हिमोग्लोबिन बघतात, प्लेटलेट बघतात (डेंग्यूने तेवढं शिकवलंय), पीसीव्हीवर मात्र कुणाची नजर थांबत नाही. शंभर मिली रक्तात तांबड्या पेशींनी किती मिली जागा अडवली, एवढंच तो सांगतो. पुरुषांत ४० ते ५०, बायकांत ३६ ते ४६ हा साधारण पल्ला. हिमोग्लोबिनला तिनाने गुणलं की जवळपास तोच आकडा येतो, त्यामुळे तो छापलेला नसला तरी अडत नाही. लकवा मारलेल्या माणसाच्या खाटेशी उभं राहून धुळ्या-जळगावकडची माणसं विचारतात, “रगत घट्ट व्हयनं का, साहेब?” त्याचं अर्धं उत्तर या आकड्यात असतं. उरलेलं अर्धं शोधायला बरंच फिरावं लागतं.

रक्त पाण्याच्या तीन-चार पट घट्ट असतं आणि यात मोठा वाटा तांबड्या पेशींचा. पीसीव्ही चढतो तसा घट्टपणा सरळ रेषेत न चढता उसळी मारतो. पीसीव्ही साठ-सत्तरवर गेलेल्या माणसाचं रक्त पाण्याच्या दहापट घट्ट असू शकतं. दुसरा वाटा प्लाझ्मातल्या, म्हणजे पेशी वगळून उरलेल्या द्रवातल्या प्रथिनांचा, त्यातही गुठळी बांधणाऱ्या फायब्रिनोजेनचा. शंभर मिलीत २०० ते ४०० मिलिग्रॅम हे त्याचं नेहमीचं प्रमाण. जंतुसंसर्ग, बिडी, बेताल साखर, खुद्द लकव्याचा झटका, कशानेही ते वाढतं. फायब्रिनोजेन वाढलं की तांबड्या पेशी एकमेकींना चिकटतात आणि त्यांच्या चळती लागतात. ईएसआर, म्हणजे पेशी नळीत तळाला बसण्याचा वेग, वाढतो तो याचमुळे, कारण सुट्या पेशीपेक्षा चळत नळीत लवकर तळाला बसते. तिसरी गोष्ट पेशीच्या लवचिकपणाची. सात-आठ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) रुंदीच्या पेशीला पाच मायक्रॉनच्या केशवाहिनीतून अंग मुडपून जायचं असतं. जुन्या मधुमेहात ती कडक होते, सिकलसेल या जन्मजात रक्तदोषात तर फारच.

आणि चौथी गोष्ट, वेग. पाणी हळू वाहो की जोरात, त्याचा घट्टपणा तोच राहतो. रक्ताचं तसं नाही. जोरात वाहतं तेव्हा चळती तुटतात, पेशी लांबट होऊन प्रवाहाच्या दिशेने लागतात आणि रक्त पातळ वागतं. प्रवाह मंदावला की चळती पुन्हा जुळतात आणि तेच रक्त कितीतरी पट घट्ट होतं. लकव्याच्या संदर्भात या विषयाचा गाभा इथेच आहे. गुठळीने मेंदूची शीर बुजली की पलीकडच्या भागात प्रवाह मंदावतो, मंदावला म्हणून रक्त घट्ट होतं आणि घट्ट झालं म्हणून आणखी मंदावतं.

तरी घट्टपणाला अवाजवी महत्त्व देऊ नये, हेही प्रवाहाच्या गणितातून दिसतं. पॅरिसच्या प्वाझे या डॉक्टरने १८४०च्या सुमारास बारीक नळ्यांतून द्रव वाहवून जो नियम मांडला, त्यात प्रवाह घट्टपणाच्या व्यस्त प्रमाणात असतो आणि नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात. घट्टपणा २० टक्के वाढला तर प्रवाह साधारण एक-षष्ठांशाने घटतो. नळीची त्रिज्या नुसती १० टक्के कमी झाली तर एक-तृतीयांशाने घटतो, आणि निम्मी झाली तर सोळावा हिस्सा उरतो. म्हणजे शिरेच्या भिंतीवर जमलेली चरबी आणि बीपीने कडक झालेली नळी हे मोठे गुन्हेगार, घट्टपणा त्यांचा साथीदार.

हा साथीदार निरोगी मेंदूत फारसं काही करू शकत नाही. मेंदूच्या बारीक धमन्या गरजेप्रमाणे सैल होतात आणि शंभर ग्रॅम मेंदूला मिनिटाला ५० मिली रक्त हा हिशोब सांभाळून घेतात. प्रवाह विसाच्या खाली गेला की मेंदूचा तो भाग काम थांबवतो, हात पडतो, वाचा जाते. दहाच्या खाली गेला की पेशी मरायला लागतात. या दोन आकड्यांच्या मधला भाग अजून वाचण्याजोगा असतो, पण तिथल्या धमन्या आधीच शक्य तेवढ्या सैल झालेल्या असतात. सावरून घ्यायला काहीच शिल्लक नसतं. अशा जागी पीसीव्ही ४४ आहे की ५१, अंगात पाणी आहे की नाही, याने फरक पडू शकतो.

धुळ्याकडे पांझरा नदीवरच्या फड सिंचन पद्धतीत बंधाऱ्याचं पाणी पाटाने उताराने खाली येतं. नदी आटली की पहिली झळ पाटाच्या शेवटच्या शेताला बसते. मेंदूतही दोन मोठ्या धमन्यांच्या हद्दींवर अशी शेवटची शेतं आहेत. मानेतली धमनी आधीच अरुंद, वरून जुलाब किंवा उन्हाने बीपी उतरलेलं, रक्त आटलेलं, अशा माणसाच्या सीटीत किंवा एमआरआयवर या हद्दीवरचेच पट्टे गेलेले दिसतात. गुठळी शोधून सापडत नाही, कारण हा लकवा प्रवाह कमी पडल्याचा असतो.

आता गोळीबद्दल. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन, अ‍ॅपिक्सॅबॅन या सगळ्यांना आपण ‘रक्त पातळ करायची गोळी’ म्हणतो आणि डॉक्टरही तेच बोलतात, कारण ते पटकन कळतं. पण अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्याच्या रक्ताचा घट्टपणा गोळीच्या आधी आणि नंतर तोच असतो. अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल प्लेटलेटना एकमेकींना चिकटू देत नाहीत, वॉरफरिन आणि अ‍ॅपिक्सॅबॅन गुठळी बनवणाऱ्या घटकांना आवर घालतात. पीसीव्ही जागचा हलत नाही. या गैरसमजाचे दोन तोटे नेहमी दिसतात. एक, “गोळी चालू आहे, मग पाण्याची काय गरज” असं वाटून घेणं. दुसरा जास्त वाईट : हिमोग्लोबिन ९ आलं की “गोळीने रक्त पातळ झालं” म्हणून गोळी परस्पर बंद करणं. हिमोग्लोबिन ९ असेल तर लोह कमी पडतंय का, पोटातून रक्त जातंय का, शौच डांबरासारखी काळी होते का, हे विचारायला हवं. ते न विचारता हृदयाची लय बिघडलेल्या माणसाची गोळी बंद झाली की दुसरा झटका आठवड्यांत येऊ शकतो.

रक्त खरोखर पातळ करून बघावं, हा विचार डॉक्टरांनाही सुचला होताच. १९८०च्या दशकात स्कँडिनेव्हियात आणि इटलीत लकव्याच्या रुग्णाचं थोडं रक्त काढून तेवढंच डेक्स्ट्रानचं द्रावण भरायचे. इटलीच्या १९८८च्या चाचणीत बाराशेहून अधिक रुग्ण होते. पीसीव्ही उतरला, पण मृत्यू किंवा अपंगत्व काही कमी झालं नाही. कारण सरळ आहे. रक्त पातळ करताना प्राणवायू वाहणाऱ्या पेशीच कमी होतात, प्रवाह थोडा वाढला तरी प्रत्येक मिलीमागचा प्राणवायू घटतो आणि हिशोब जागच्या जागी राहतो. मग अल्ब्युमिन हे रक्तातलंच प्रथिन देऊन पाहिलं. २०१३ची ती चाचणी मध्येच थांबवावी लागली, फायदा दिसेना आणि फुप्फुसात पाणी भरायचं प्रमाण वाढलं. मलायन पिट व्हायपर या सापाच्या विषातून काढलेलं अ‍ॅन्क्रॉड फायब्रिनोजेन खरंच उतरवायचं. सुरुवातीला आशा वाटली, पण २००६च्या युरोपातल्या चाचणीत मेंदूतला रक्तस्राव वाढला. आजच्या मार्गदर्शक सूचनांत लकव्यासाठी रक्त पातळ करण्याचा उपचार बसत नाही. तरीही “आठ दिवस सलाइन लावून रक्त पातळ करून देतो” असं सांगणारे सापडतातच, आणि दर उन्हाळ्यात व मकरसंक्रांतीच्या थंडीत अशा बाटल्या लावून घ्यायला माणसं स्वतःहून जातात. पैसे जातात ते सोडा, कमजोर हृदयाच्या म्हाताऱ्याला असं दोन लिटर सलाइन दम लावतं.

पहिल्या साडेचार तासांत तर घट्टपणाचा विषयच काढू नये. चेहरा वाकडा, हात पडला, बोलणं लटपटलं की १०८ला फोन आणि जिथे सीटी आहे तिथे जाणं. माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ कागदावर लिहून न्यावी, कारण साडेचार तास तिथून मोजतात, घरच्यांना कळलं तिथून नव्हे. सीटीत रक्तस्राव नसेल आणि बाकी अटी बसत असतील तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देतात. त्यासाठी बीपी १८५/११०च्या खाली असावं लागतं. कांदा हुंगवणं, तोंडात पाणी ओतणं, पारव्याचं रक्त चोळणं यात हे तास जातात. तोंडात ओतलेलं पाणी तर थेट फुप्फुसात जाऊ शकतं.

इंजेक्शनची वेळ टळून गेली, किंवा इंजेक्शन देऊन झालं, की मग रक्त विनाकारण घट्ट होऊ न देण्याचं काम सुरू होतं. ते कंटाळवाणं आहे आणि त्याला भारी औषध लागत नाही. माझ्या मते खान्देशात त्याचं मोल इतर कुठल्याही भागापेक्षा जास्त आहे.

जळगाव-भुसावळला मेमध्ये पारा ४५च्या आसपास जातो. उन्हाने रक्त ‘तापून’ घट्ट होत नाही, उलट तापमान वाढलं तर द्रव किंचित पातळच होतो. रक्त आटतं ते घामाने. पाच लिटर रक्त आणि ४५ पीसीव्ही धरा. त्यात सव्वादोन लिटर पेशी, पावणेतीन लिटर प्लाझ्मा. प्लाझ्मा दहा टक्क्यांनी आटला, म्हणजे जेमतेम पाव लिटर, तर पीसीव्ही ४७-४८वर जातो आणि फायब्रिनोजेनही दहा-अकरा टक्क्यांनी दाटतं. शरीर आधी पेशींबाहेरचं आणि पेशींमधलं पाणी ओढून रक्त भरून काढतं, म्हणून प्लाझ्मा पाव लिटर आटेपर्यंत अंगातून त्याच्या कितीतरी पट पाणी गेलेलं असतं. यावल-रावेरकडे केळीचे घड वाहणारा गडी तासाला लिटरभर घाम सहज गाळतो.

त्यात औषधांची भर. बीपीच्या बऱ्याच गोळ्यांत लघवी वाढवणारा घटक असतो, क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायाझाइड. शुगरसाठी हल्ली डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन सर्रास देतात. ती साखर लघवीवाटे काढतात, सोबत पाणी जातं आणि पीसीव्ही दोन-तीन अंकांनी चढतो. औषधं चांगली आहेत, हृदयाला आणि मूत्रपिंडाला फायद्याची आहेत. पण आधी लकवा होऊन गेलेल्या साठीच्या शेतकऱ्याला ही दोन्ही चालू असतील तर एप्रिल उजाडताच गोळ्यांचं पाकीट घेऊन डॉक्टरांना एकदा दाखवावं. जुलाब-उलट्या लागल्या तर त्या दिवशी यातल्या कुठल्या गोळ्या थांबवायच्या, हे आधीच विचारून पाकिटावर लिहून ठेवावं. परस्पर बंद करू नयेत.

वॉर्डात पहिला प्रश्न गिळण्याचा. झटक्यानंतर निम्म्याच्या आसपास रुग्णांना सुरुवातीला नीट गिळता येत नाही. म्हणून पूर्ण शुद्धीवर, ताठ बसवून आधी चमचाभर पाणी तीनदा देतात, मग पेल्यातून पन्नासेक मिली. ठसका लागला, आवाज घरघरला, पाणी ओठातून गळलं की तोंड बंद आणि नाकातून पोटात जाणारी नळी, म्हणजे राइल्स ट्यूब. हे सिस्टरने किंवा डॉक्टरने करायचं. भेटायला आलेल्या मामाने चहा पाजून बघायचा नाही.

सलाइन लावायची तर नॉर्मल सलाइन. पाच टक्के डेक्स्ट्रोज लकव्यात नको, कारण साखर शरीर वापरून टाकतं, मागे नुसतं पाणी उरतं, ते मेंदूत शिरून सूज वाढवतं, आणि रक्तातली साखर चढते ती वेगळी. अंदाज किलोमागे ३० मिलीचा. साठ किलोच्या माणसाला दिवसभरात १८०० मिली, म्हणजे तासाला ७५. वीस थेंबांना एक मिली अशा सेटवर मिनिटाला २५ थेंब. ताप असेल, घाम असेल, वॉर्डात कूलर नसेल तर वाढवावं लागतं. हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर असेल तर कमी करावं लागतं. रक्तातला युरिया आणि क्रिएटिनिन यांचं गुणोत्तर आणि सोडियम यावरून पाणी कमी पडतंय का ते कळतं. जीभ बघून फसगत होते, तोंडाने श्वास घेणाऱ्याची जीभ कोरडीच असते. म्हाताऱ्याची कातडी चिमटीत धरून बघण्यालाही अर्थ नाही.

घरी गेल्यावर मोजमाप सुटतं. राइल्स ट्यूब असेल तर डोकं ३० ते ४५ अंश उचलून दर दोन-तीन तासांनी २०० ते २५० मिली पातळ खाणं, सिरिंजचा दांडा न दाबता आपोआप उतरू द्यायचं, मागून ३० ते ५० मिली साधं पाणी, आणि अर्धा-पाऊण तास आडवं करायचं नाही. वरणाचं पाणी गाळून द्या, नाहीतर नळी बुजते. नळी निघाली आणि दाट केलेले पातळ पदार्थच चालतील असं सांगितलं असेल तर पाणी आणखी घटतं, कारण दाट केलेलं पाणी कुणालाच आवडत नाही. तिथे पेज, दाटसर ताक, पातळ खिचडी यातलं पाणीही हिशोबात धरावं.

पण सगळ्यात मोठं कारण दुसरंच आहे. अर्धं अंग गेलेला माणूस पाणी मागत नाही, कारण पाणी प्यायलं की लघवीला जावं लागतं, आणि लघवीला जायला सुनेला हाक मारावी लागते. दुपारी सून शेतात असते. आबा मग सकाळपासून घोटभर पाण्यावर काढतात आणि विचारलं तर “तहान नाही” म्हणतात. पाणी प्या असा उपदेश इथे कामाचा नाही. खाटेखाली हाताशी येईल असं लघवीचं भांडं, चालत्या हाताच्या बाजूला पेला आणि बायकांसाठी बेडपॅनची वेळ ठरलेली, एवढं केलं की पाणी आपोआप वाढतं. मग दिवसाला दीड-दोन लिटर, म्हणजे पाव लिटरचे सहा ते आठ पेले. युरोबॅग (लघवी जमा करणारी पिशवी) असेल तर साठ किलोच्या माणसाची लघवी तासाला ३० मिलीच्या खाली जायला नको, चोवीस तासांत ७००च्या वर हवी. रात्री झोपताना दोन ग्लास पाणी प्यायल्याने लकवा टळतो, हा मोबाइलवर फिरणारा मेसेज मात्र सोडून द्यावा. पहाटे ते दुपार या वेळात लकवे जास्त होतात हे खरं, पण त्यात सकाळी चढणाऱ्या बीपीचा मोठा हात आहे, आणि दोन ग्लासांनी लकवा टळतो हे कुणी सिद्ध केलेलं नाही.

पीसीव्ही पाणी देऊनही उतरत नसेल तर वेगळा शोध लागतो. पुरुषात ४९च्या वर, बाईत ४८च्या वर टिकून राहिला तर आधी बिडी, दमा, घोरणं यांची चौकशी, मग जॅक-टू नावाची जनुकाची तपासणी. अस्थिमज्जाच जास्त पेशी बनवत असेल तर शिरेतून पिशवीभर, साधारण ३५० मिली, रक्त काढून पीसीव्ही ४५च्या खाली ठेवतात. इटलीतल्या २०१३च्या चाचणीत ४५ ते ५०मध्ये ठेवलेल्यांना गुठळ्या आणि हृदयविकाराचे मृत्यू जवळपास चौपट झाले. रक्त काढून लकवा टाळण्याचा उपचार इथे मात्र चालतो, कारण दुखणंच पेशींच्या संख्येचं असतं.

सातपुड्यात चित्र उलटं. अक्कलकुवा-धडगावकडच्या भिल्ल आणि पावरा वस्त्यांत सिकलसेल आहे. अशा मुलाचं हिमोग्लोबिन सात-आठ, पीसीव्ही वीस-पंचवीस, म्हणजे रक्त ‘पातळ’. तरी त्याला लकवा होतो. प्राणवायू सुटला की विळ्याच्या आकाराची झालेली पेशी कडक होते, वाकत नाही, शिरेच्या भिंतीला चिकटते, आणि वर्षानुवर्षांत मेंदूची मोठी धमनीच अरुंद होते. २ ते १६ वयात वर्षातून एकदा कानाच्या वर प्रोब ठेवून रक्ताचा वेग मोजणारं डॉपलर केलं तर धोका आधी दिसतो. धमनीतला वेग सेकंदाला २०० सेंटिमीटरच्या वर गेला की नियमित रक्त द्यायला लागतं, आणि त्याने पहिला लकवा बहुतांशी टळतो हे १९९८मध्ये सिद्ध झालं. जिथे रक्त मिळणं कठीण, तिथे हायड्रॉक्सीयुरिया. ती पेशींचं विळ्यासारखं होणं कमी करते, फक्त रोज घ्यावी लागते आणि अधूनमधून सीबीसी करावं लागतं.

चूक होते ती रक्त देताना. “एवढं कमी आहे तर चार पिशव्या लावा” असा आग्रह होतो. पण विळ्याच्या पेशी तशाच ठेवून वरून भर घातली आणि हिमोग्लोबिन दहा-अकराच्या पुढे गेलं, तर रक्त एकदम घट्ट होतं आणि रक्त देऊनच लकवा ओढवू शकतो. अशा वेळी थोडं काढून थोडं भरायचं असतं, विळ्याच्या हिमोग्लोबिनचं प्रमाण तीस टक्क्यांच्या खाली आणायचं असतं आणि एकूण हिमोग्लोबिन दहाच्या आसपास रोखायचं असतं. ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्या कुटुंबात असं मूल असेल तर पाण्याची बाटली, गोळ्या आणि तपासणीचं कार्ड सोबत हवंच. तापात किंवा कडक थंडीत त्याचं अंग दुखायला लागलं तर वाट न बघता दवाखाना.

राहिली बाळंतीण. बाळंतपणानंतर सुमारे सहा आठवडे रक्ताची गोठण्याची ओढ वाढलेली असते, आणि नेमक्या त्याच दिवसांत “पोट सुटेल, बाळाला सर्दी होईल” म्हणून तिचं पाणी तोडतात. त्यात मे महिना, पत्र्याची खोली, शेगडी. मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या शिरांत गुठळी होण्याचं दुखणं भारतात बाळंतपणानंतर बरंच दिसत आलं आहे. दिवसागणिक वाढणारी डोकेदुखी, उलट्या, अंधूक दिसणं, झटके ही त्याची लक्षणं. झटके आले की ‘बाहेरचं’ म्हणून वेळ जातो. साधा सीटी नॉर्मल येऊ शकतो, म्हणून शिरांचा वेगळा फोटो, व्हेनोग्राम, मागून घ्यावा. सीटीत रक्त सांडलेलं दिसलं तरी यात गुठळी रोखणारं हेपारिनच देतात. नातेवाइकांना ते उलटं वाटतं, पण सांडलेलं रक्त तुंबलेल्या शिरेमुळेच आलेलं असतं. अंगावर पाजणाऱ्या बाईला दिवसाला अडीच-तीन लिटर लागतं. बाळंतशेपाचं द्या, ओव्याचं द्या. कोमट की साधं यावर वाद नको, सासूबाई म्हणतील तसं कोमट द्या, पण लिटर मोजून द्या.